ऐकून घेण्याचं कलम

धावडा,
१२ जानेवारी २०२५

प्रिय नेहल,

दिल्लीच्या थंडीत तुझी बोटं आखडली असतील, म्हणून दोन महिने पत्र नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण भांडतो आणि पत्रात भांडत नाही, हा शोध जालन्याचं कॉलेज सोडताना आपणच लावला. तो पाळायचा तर अधूनमधून लिहावंही लागतं बाई. असो, आज चेष्टा करायला बसले नाही.

आमच्या आत्यांना बालवाडीतून काढलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सगुणाबाई. माझ्या लग्नानंतर तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तुझ्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळी भाजी केली होती त्यांनी, आणि तू तीन भाकरी खाल्ल्या होत्यास. सव्वीस वर्षं त्या फुलोरा संस्थेची इथली बालवाडी चालवतात. गावात त्यांना सगुणाबाई कुणी म्हणतच नाही, नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच.

झालं असं. गेल्या जूनपासून संस्थेनं रोज अकरा वाजता मुलांचा फोटो मोबाईलवरून पाठवायला लावला. फोटो खरा की खोटा हे तिकडे माणूस बघत नाही, एक सॉफ्टवेअर बघतं. डिसेंबरच्या शेवटी आदेश आला की एकेचाळीस दिवसांचे फोटो बनावट आहेत, जुनाच फोटो पुन्हा पुन्हा पाठवून हजेरी दाखवली आहे, सबब सेवा समाप्त.

आता हे कशामुळे, तर ऐक. आत्या मुलांना रोज ठरलेल्या जागी बसवतात, उंचीप्रमाणे, नाहीतर ती मारामाऱ्या करतात. मागे तीच निळी भिंत. आणि सगळ्यांच्या अंगात एकाच कापडाचे झगे आणि सदरे. कापड कुणाचं, तर तुमच्या दुकानाचं. तुझ्या आजोबांचं दुकान धावड्याहून जालन्यात मस्तगडला गेलं, तरी त्यांच्या पुण्यतिथीला बालवाडीसाठी एक थान यायचं राहिलं नाही. यंदा पिवळ्यावर निळी फुलं होती. आत्या आणि शेजारच्या कांताबाई पंधरा दिवस शिवत होत्या. यंत्राला वाटलं, एकच फोटो आहे.

आत्या आणि मामा, म्हणजे माझे सासरे कडूबा, दोघं संस्थेच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या मुलीनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि म्हणाली, माझ्या हातात काही नाही, सिस्टिमनं पकडलंय. आत्या म्हणाल्या, "पकडलं तं पकडू द्या. पन मला इचारा तरी. मी काय सांगून राह्यले ते कुणी ऐकणार का न्हाई?" ती मुलगी म्हणाली, ऐकायची सोय नाही, ऑनलाइन अपील करा. त्याची मुदत ३१ मार्च आहे.

नोकरी परत नको असं नाही. पण त्याहून जास्त त्यांना तो 'बनावट' शब्द लागलाय. कागद त्यांनी देवाजवळ ठेवलाय, रोज वाचतात. तू तर या यंत्रांचा कायदा करायला बसली आहेस. आम्ही काय करावं ते सांग.

तुझी,
अर्पिता

*

नवी दिल्ली,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अर्पिता,

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा पप्पांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी थानाची पावती घेऊन फुलोराच्या ऑफिसात गेले. तुला माहीत आहे ते कसे आहेत, गिऱ्हाईक सोडून दुपारी दुकानाबाहेर पाऊल टाकणार नाहीत. तिथे म्हणाले, कापड मी दिलं, मी साक्ष देतो. त्यांना सांगण्यात आलं की साक्ष अपलोड करा. पप्पा परत आले आणि जेवले नाहीत. आपल्या कापडानं बाईंची अब्रू गेली, एवढंच म्हणत होते. मलाही तेच वाटतं, ते उगाच दुसऱ्या शब्दात सांगत नाही.

आता कामाचं. अपील करू नका. ते अपील पुन्हा तेच सॉफ्टवेअर तपासतं, हे मी इथे विचारून खात्री केली आहे. एकदा तिथेही 'बनावट' आलं की पुढे कुठेच दार उरत नाही. थांबा.

कारण आमच्या मसुद्यात एक कलम आहे, एकोणिसावं. मी स्वतः लिहिलंय. सरकारी असो की खाजगी, कुठल्याही यंत्रानं माणसाच्या विरोधात काही ठरवलं, तर त्या माणसाला समोर बसवून, त्याच्या भाषेत, दुसऱ्या माणसानं ऐकून घ्यायचं. आधी ठरलेल्या गोष्टींनाही वर्षभर मागे जाऊन ते लागू होईल असं त्यात आहे. म्हणजे आत्यांना लागू होईल.

पण ते टिकेल याची खात्री नाही. समितीत चार महिने एका शब्दावर भांडण चाललंय, 'निर्णय'. यंत्रानं सुचवलं आणि साहेबानं न वाचता सही ठोकली, तर निर्णय कुणाचा? कंपन्यांचे वकील म्हणतात साहेबाचा, म्हणून कायदा यंत्राला लागूच नाही. दुसरे एक मोठे अधिकारी दर बैठकीत म्हणतात की कायदा कडक केला तर उद्योग शेजारच्या देशात जातील. कुठल्या शेजारच्या ते अजून कळलेलं नाही. तिसरे म्हणतात, मोठ्या धोक्याच्या यंत्रांपुरताच कायदा करा, बालवाडीतला फोटो हा काही मोठा धोका नव्हे. मी त्यांना सांगितलं, धोका कुणाला, ते आधी विचारा. सगळे चहा पीत राहिले.

मार्चमध्ये मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला होईल. कलमाच्या बाजूनं साध्या माणसांची पत्रं आली पाहिजेत, नाहीतर फक्त कंपन्याच बोलतील. टपालानं, हातानं, मराठीत लिहिलेलं चालतं. मागणी एकच असू दे आणि स्पष्ट असू दे. मात्र मी सांगितलं हे कुणाला कळू देऊ नकोस. मसुदा लिहिणाऱ्यानं पत्रं मागवायची नसतात.

आत्यांना सांग, नेहल आहे तिथे.

तुझी,
नेहल

*

धावडा,
२३ मार्च २०२५

प्रिय नेहल,

तू काय करून बसलीस तुला कल्पना नाही. सगळं गाव लिहायला बसलं.

तुझं नाव कुठे काढलं नाही, काळजी करू नकोस. मी शाळेतून आले, पेपरातली सूचना आणि मसुद्याचं कलम वाचून दाखवलं, आणि पत्र तयार केलं. मग प्रश्न आला, सगळ्यांनी सह्या करायच्या का वेगवेगळी पत्रं धाडायची. माजी सरपंच तातेराव उठले. म्हणाले, "सरकारला लिहायचं तं गावाचं तोंड एक पाह्यजे. एकानं वांगं म्हनलं, दुसऱ्यानं दोडकं म्हनलं, तं ते दोन्ही फेकून देतेत. ठराव कसा ऱ्हातो, बिलकुल तसं लिहा. समद्यांनी तेच." म्हणजे आपल्याकडे एकमताच्या ठरावाला जो मान असतो तो प्रत्येक पत्राला मिळावा. मलाही पटलं. तूही म्हणालीसच, मागणी एक आणि स्पष्ट.

मग काय, मी फळ्यावर मजकूर लिहिला आणि बजावलं की काना-मात्रा बदलायची नाही. तुला माहीत आहे, मी गणिताची मास्तरीण आहे, उत्तर जुळलं पाहिजे. आठ दिवस शाळेच्या वर्गात संध्याकाळी माणसं येत होती. ज्यांनी वीस वर्षांत पेन धरला नाही त्यांनीही धरला. ज्यांना येत नाही त्यांची आमच्या ह्यांनी, सोमेश्वरनं, लिहून दिली आणि खाली अंगठे घेतले. मोजून दोनशे चौदा पत्रं झाली. मामा ती घेऊन भोकरदनच्या पोस्टात गेले, रजिस्टर केली, आणि पावती पाकिटात घडी करून ठेवलीय.

आत्यांनी स्वतः लिहिलं नाही. म्हणाल्या, "माझ्यासाठी मीच कशी मागू?" पण रोज वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. लिहिणाऱ्यांत निम्मी त्यांच्याच हाताखालून गेलेली. एकाला पेन नीट धरायला लावला, तो तीस वर्षांचा बाप्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

मामा मात्र काल म्हणाले, एकतीस तारीख जवळ आली, अपील टाकून ठेवायचं का? मी म्हटलं, नेहल थांबा म्हणाली आहे. मग ते 'बरं' म्हणून शेताकडे गेले. बराबर केलं ना मी?

तुझी,
अर्पिता

*

नवी दिल्ली,
१९ एप्रिल २०२५

प्रिय अर्पिता,

पत्रं पोचली. नोंद झाली आहे.

इथे फार गडबड आहे, सूचनांचा ढीग आहे, रोज बैठका. कलमाचं काय होईल ते इतक्यात सांगता येणार नाही. उन्हाळा वाढलाय, तब्येतीला जप. आत्यांना नमस्कार सांग.

नेहल

*

धावडा,
१३ जुलै २०२५

प्रिय नेहल,

तुझं पत्र होतं की पोस्टाची पोच, ते मला अजून कळलेलं नाही. एप्रिलपासून मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. कामात असशील.

इकडे बालवाडीवर नवी मुलगी आली, प्रीती. भोकरदनहून बसनं येते. पोरगी चांगली आहे. आल्या आल्या आत्यांकडे आली, पाया पडली आणि म्हणाली, बाई, मला मुलांची नावं सांगा. आत्यांनी तिला सगळी नावं सांगितली, कोण कशानं रडतं, कुणाला दूध पचत नाही, तेही सांगितलं. ती फोटोच्या आधी मुलांना रोज उठवून वेगळ्या जागी बसवते. तिला तसं सांगूनच पाठवलंय. मुलं गोंधळतात आणि रडतात, पण फोटो पास होतो.

गावातलं कुणी आत्यांवर संशय घेत नाही. पण गाव म्हणजे सगळी दुनिया नाही. गेल्या आठवड्यात भोकरदनच्या बाजारात एका बाईनं दुसरीला सांगितलं, "ती बघ, फोटोवाली बाई." आत्यांनी ऐकलं. तेव्हापासून त्या बाजाराला जात नाहीत. बालवाडीच्या गल्लीतूनही जात नाहीत, विहिरीकडून वळसा घालून शेतात जातात. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोरं धावत येतेत, पदर धरतेत. मंग त्यान्ला काय सांगू?"

आणि काल पेपरात वाचलं की तुमचा कायदा सध्या होणार नाही. कायद्याऐवजी मार्गदर्शक तत्त्वं येणार. मला यातला फरक नीट कळला नाही, म्हणून सोमेश्वरला विचारलं. तो म्हणाला, पाट्या असतात ना, 'कृपया रांगेत उभे राहा', तसं.

त्या तत्त्वांत एकोणिसावं कलम आहे का? सरळ सांग. मामांनी अपिलाची मुदत जाऊ दिली ती माझ्या शब्दावर, आणि माझा शब्द म्हणजे तुझा शब्द होता.

अर्पिता

*

नवी दिल्ली,
३१ ऑगस्ट २०२५

अर्पिता,

पर्युषण संपून या आठवड्यात आमची संवत्सरी झाली. दर वर्षी या दिवसांत मी तुला खमतखामणाचं छापील कार्ड पाठवते. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा कर, असं त्यावर असतं. तू उलट टपाली 'केली' असं लिहितेस, आणि खाली काहीतरी चेष्टा. यंदा कार्ड घेतलं आणि 'नकळत' या शब्दाशी अडले. नकळत काही झालेलं नाही. म्हणून कार्ड फाडून हे लिहिते आहे.

तुमची पत्रं मोजली गेली नाहीत. म्हणजे दोनशे चौदा मिळून एक धरलं गेलं.

गेल्या वर्षी आम्ही पहिलं टिपण काढलं तेव्हा त्याच्या विरोधात नऊ हजार पत्रं आली होती, सगळी शब्दशः सारखी. कुणीतरी यंत्रं लावून पाठवलेली. त्यात खरी माणसं बुडून जात होती. तेव्हा मी एक नियम सुचवला, की ज्या पत्रांचा मजकूर सारखा असेल ती सगळी मिळून एक समजावीत. सगळ्यांनी मान डोलावली, अध्यक्षांनी नाव घेऊन कौतुक केलं. मी त्या दिवशी फार खूश होते. पत्रं आली की स्कॅन होतात, यंत्र वाचतं, गट पाडतं. तुला पत्रं लिहायला सांगितलं तेव्हा हा नियम माझ्या डोक्यात आलाच नाही. माझ्या डोळ्यांसमोर माणसं होती, आणि माणसं सारखं लिहीत नाहीत असं मी धरून चालले. धावड्याला ठराव कसा लिहितात ते मला माहीत असायला हवं होतं. आमचं दुकान तिथे साठ वर्षं होतं.

तुझं मार्चचं पत्र मिळालं तेव्हाच तो नियम आठवला. दहा एप्रिलच्या बैठकीत यादी हाती आली. 'धावडा, तालुका भोकरदन, प्रती २१४, निवेदन १, संशय: यंत्रनिर्मित मोहीम.' अपिलाची मुदत तोवर दहा दिवस मागे गेली होती.

हेही तू म्हणशील की चूक झाली. पण पुढचं चुकून झालेलं नाही. मी त्या बैठकीत हात वर करून सांगू शकत होते की ही माणसं खरी आहेत, मी ओळखते. मग विचारलं असतं, तुम्ही कशा ओळखता? आणि पत्रं मीच मागवली हे बाहेर आलं असतं. मी गेले असते, कदाचित कलमही माझ्याबरोबर गेलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझी जागा सोडायची नव्हती. मी खाली मान घालून यादीचं पुढचं पान उलटलं.

त्या बैठकीत कलमाच्या बाजूनं नागरिकांची निवेदनं एकतीस निघाली आणि विरोधात नऊशेच्या वर. विरोधातलं प्रत्येक पत्र वेगळं होतं. इकडे सगळे जाणतात की तीही यंत्राकडूनच लिहून घेतलेली असणार, फक्त या वेळी त्याला वेगवेगळं लिही म्हणून सांगितलं होतं. माझ्या नियमातून धडा कंपन्यांनी घेतला. ती पत्रं वेगळी होती म्हणून माणसांची ठरली, तुमची सारखी होती म्हणून यंत्राची ठरली.

तत्त्वांत आता असं वाक्य आहे: 'संस्थांनी शक्य असेल तेथे मानवी फेरविचाराची सोय करण्याचा विचार करावा.' मागे जाऊन कुणालाही लागू नाही. आत्यांना त्याचा काही उपयोग नाही. मी पुन्हा कुणाला फसवणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिलं.

मी तिकडे येऊ का? आत्यांच्या समोर बसून सांगायची माझी तयारी आहे. क्षमा मागत नाही, ती कशी मागावी ते मला सुचत नाही.

नेहल

*

धावडा,
२६ ऑक्टोबर २०२५

नेहल,

तुझं पत्र येऊन दोन महिने होत आले. दिवाळी गेली. रोज उत्तर लिहायचं ठरवत होते आणि रोज कागद फाडत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर असतो तर केव्हाच काय ते बोलून मोकळी झाले असते.

तू नियम केलास, त्याचा मला राग नाही. तू विसरलीस, त्याचाही थोडाच आहे. काना-मात्रा बदलू नका म्हणून छडी घेऊन उभी राहिलेली मीच होते, त्यामुळे माझा वाटा मला माहीत आहे. पण एप्रिलमध्ये तू मला 'तब्येतीला जप' लिहिलंस. तेव्हा तुला सगळं माहीत होतं. आम्ही इकडे तीन महिने पेपर उघडून कायदा शोधत होतो. आत्या मला दर रविवारी विचारायच्या, "आलं का गं?" त्या रविवारांचं मी काय करू?

तू येऊ नकोस. निदान इतक्यात नको. आलीस तर आत्या तुझ्यासाठी वेगळी भाजी करतील आणि ते मला बघवणार नाही.

घरात आधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आत्यांनी ओळखलं. परवा दुपारी कापूस वेचून आल्यावर म्हणाल्या, "दिल्लीचं पत्र आल्तं ना? वाच." मी म्हटलं, त्यात चांगलं काही नाही. म्हणाल्या, "वाईट तं वाईट. मला न ऐकवता कुणी काही ठरवायचं, हे आता घरात तरी नको." मग वाचलं. सगळं वाचलं, एक शब्द सोडला नाही.

मामा मध्येच उठून गोठ्याकडे गेले. चांगुणाबाई, आमची चुलत आजेसासू, कोपऱ्यात बसून होती. तिला म्हटलं, आजी, तुझा अंगठाही त्यातच गेला. ती म्हणाली, "जाऊ दे, दुसरा हाय." आणि कुणीच हसलं नाही.

आत्यांनी मला विचारलं, "दोनशे चौदाचं एक धरलं म्हनती ती?"

मी हो म्हटलं.

"बरं. मंग ते एक तरी कुणी वाचलं का?"

मी म्हटलं, नेहलला विचारून सांगते. त्या अजून वाट बघतायत. तूच सांग.

अर्पिता

*

नवी दिल्ली,
१६ नोव्हेंबर २०२५

अर्पिता,

आत्यांना सांग, नाही. ते एकही कुणी वाचलं नव्हतं. यंत्रानं त्याचा दोन ओळींचा इंग्रजी सारांश केला होता, आणि समितीनं तो सारांश असलेली यादी पाहिली. मी धरून.

हे खात्रीनं लिहिता यावं म्हणून मी कागदपत्रांच्या खोलीत जाऊन तुमचा गठ्ठा मागवला. त्यासाठी कारण लेखी द्यावं लागतं. मी खरं कारण दिलं, पत्रं कुणी मागवली तेही त्यातच लिहिलं. आता पुढे माझं जे व्हायचं ते होईल. त्यानं तुम्हाला काही मिळणार नाही हे मला ठाऊक आहे, समितीचं काम संपलेलं आहे.

तीन दिवस बसून मी सगळी वाचली. दोनशे चौदा. तुझा मजकूर मला पाठ झाला. पण तू छडी घेऊन उभी होतीस तरी तुझं कुणी ऐकलेलं नाही. फळ्यावरचं संपल्यावर, सहीच्या खाली, बहुतेकांनी आपापली एक ओळ घातली आहे. यंत्रानं तेवढा भाग 'सही व इतर' म्हणून सोडून दिला होता. कांताबाईंनी लिहिलंय, 'झगे मी शिवले, माप घेऊन शिवले, प्रत्येक लेकराचं माप वेगळं होतं.' तातेरावांनी लिहिलंय, 'बाईंनी माझ्या नातवाला बोलायला शिकवलं, तो बोलत नव्हता.' चांगुणाबाईंच्या अंगठ्याखाली सोमेश्वरच्या अक्षरात आहे, 'लिहिलं दुसऱ्यानं, म्हणणं माझं आहे.' कुणी नुसतं गाईचं चित्र काढलंय, कारण बाईंनी तेच शिकवलं असं खाली आहे. या ओळींची नक्कल मी सोबत पाठवते आहे, अठरा पानं. आत्यांना वाचून दाखव. त्यांच्याबद्दल काय म्हटलं होतं ते त्यांना कळायला हवं.

आता ते एक. गटातलं एक पत्र नमुना म्हणून ठेवतात आणि फक्त तेवढंच मोजतात, जे आधी स्कॅन झालं ते. गठ्ठा बांधताना ते सगळ्यात खाली ठेवलं असावं, कारण इथे कुणीतरी गठ्ठा उलटा लावला आणि ते पहिलं आलं. अक्षर मोठं आहे, ओळी खाली उतरत गेलेल्या आहेत. सही कडूबांची आहे, आणि सहीखाली त्यांनी लिहिलंय:

'मी सगुणाबाईचा नवरा आहे. घरचा माणूस म्हणून माझं पत्र मोजायचं नसलं तर मोजू नका. बाकीच्यांची मोजा.'

नेहल